फूटस्विचवर पाय कुणाचा?

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र वैद्यक परिषद

विषय : सुरकुत्या, डाग आणि सैल त्वचेवर वापरली जाणारी लेझर व तत्सम यंत्रं, त्यांची तपासणी, आणि ती चालवणाऱ्या माणसांची नोंद

महोदय,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण माझं गाऱ्हाणं तुमच्या दोन्ही कार्यालयांच्या बरोबर मधल्या बोळात पडतं. यंत्र अन्न व औषध प्रशासनाच्या हद्दीत येतं, डॉक्टर वैद्यक परिषदेच्या. पण हँडपीस, म्हणजे यंत्राचं किरण सोडणारं टोक, हातात धरून आणि किरण सुरू करणाऱ्या फूटस्विचवर पाय ठेवून पेशंटच्या चेहऱ्याजवळ जो उभा असतो, तो या दोन्ही हद्दींत येत नाही.

मी त्वचेच्या उपचारांची यंत्रं दुरुस्त करतो. लेझर, आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत मारणारं यंत्र), रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींनी त्वचा आतून तापवणारं), हायफू (अल्ट्रासाउंडचं), जे येईल ते. राहायला पुण्यात, काम नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत, आणि मे महिन्यात यंत्रं थंड ठेवणारे चिलर बंद पडायला लागले की अकोला-अमरावतीलाही. डॉक्टर नाही, त्यामुळे कुठल्या चेहऱ्यावर काय करावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण यंत्रातून ऊर्जा किती बाहेर पडते, स्क्रीनवर दिसते तेवढीच पडते का, आणि मागच्या सहा महिन्यांत त्यातून काय काय मारलं गेलं, हे मला यंत्र उघडलं की कळतं. माझं पोट या क्लिनिकांवर चालतं. म्हणून खाली नाव घातलेलं नाही आणि कुणाचं नाव घेतलेलंही नाही.

आधीच सांगतो, हे पत्र उपचारांच्या विरोधात नाही. पन्नाशीतल्या बाईला गालावरचे डाग नकोसे झाले तर त्यात वावगं काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पुरुषही येतात, फक्त ते संध्याकाळी उशिरा येतात आणि 'जरा फ्रेश दिसायला हवं' एवढंच म्हणतात. योग्य हातात ही यंत्रं काम करतात. बारीक सुरकुत्या कमी होतात, उन्हाने आलेले डाग फिकट होतात, मुरमांचे जुने खड्डे भरून येतात. साठीची कातडी तिशीची होत नाही, आणि चांगला डॉक्टर हे पहिल्या भेटीतच सांगतो. रेडिओफ्रीक्वेन्सीने त्वचा थोडी आवळते, तीही काही महिन्यांत हळूहळू. 'एका सिटिंगमध्ये दहा वर्षं कमी' हे वाक्य मी फक्त फ्लेक्सवर वाचलंय, कुठल्याही यंत्राच्या मॅन्युअलमध्ये नाही.

या यंत्रांशी आपल्या मातीचं एक नातंही आहे. सुरकुत्या आणि व्रणांवर आजही ज्याच्याकडे डॉक्टर वळतात, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी बनवला. पटेल जन्माने बारामतीचे, इंजिनिअरिंग पुण्यात केलेले. बारामतीतल्या एका क्लिनिकमध्ये तेच मशीन उघडून बसलो होतो तेव्हा तिथल्या मंडळींना हे सांगितलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मग आम्हाला काही डिस्काउंट नाही का?"

त्या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा किरण पाण्यात शोषला जातो, आणि त्वचेत पाणीच फार. म्हणून किरण पडतो तिथला पातळ थर वाफ होऊन उडतो. खालच्या थराला जी ऊब बसते, तिने कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, आक्रसतं आणि पुढे नवं तयार होऊ लागतं. १९९० च्या दशकात अख्खा चेहरा असा सोलला जायचा. माणूस कितीतरी दिवस लाल, ओला चेहरा घेऊन घरात बसायचा. २००४ साली अमेरिकेत मॅनस्टीन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण बारीक ठिपक्यांमध्ये विभागायची पद्धत मांडली. दोन ठिपक्यांमधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्यातूनच जखम भरून येते. फ्रॅक्शनल म्हणतात ते हेच. यातले रॉक्स अँडरसन म्हणजे तेच, ज्यांनी १९८३ मध्ये जॉन पॅरिश यांच्यासोबत दाखवून दिलं होतं की तरंगलांबी आणि स्पंदाचा काळ नेमका निवडला तर आजूबाजूला फार न भाजता नेमकं लक्ष्य जाळता येतं. डाग, केस, रक्तवाहिन्या यांच्यावर चालणारी आजची बहुतेक लेझर या एका विचारावर उभी आहेत.

आपल्याकडे अडचण येते ती इथेच. लक्ष्य रंगद्रव्याचं असेल तर मेलॅनिन फक्त डागात नसतं, भोवतालच्या निरोगी त्वचेतही असतं, आणि आपल्या त्वचेत ते भरपूर असतं. अशा बहुतेक यंत्रांच्या स्क्रीनवर रंगानुसार त्वचेचे सहा प्रकार असतात. ती वर्गवारी अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांची, १९७५ मधली. मूळ यादीत गोऱ्या कातडीचेच चार प्रकार होते. सावळा पाचवा आणि काळा सहावा नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बरेचसे लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. जी ऊर्जा तिसऱ्या प्रकाराला सोसते, तीच पाचव्याला पोळून काढते. आणि पोळलेली सावळी त्वचा नुसती बरी होऊन थांबत नाही. ती काळवंडते, आणि तो काळा डाग महिनोन्महिने, कधी वर्षभर जात नाही. वांगाची तऱ्हा तर याहून वाईट. वांग उष्णतेनेच चिडतो. आयपीएल मारला की चार आठवडे उजळ दिसतो, क्लिनिकवाला 'आफ्टर'चा फोटो काढून घेतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच वांग आधीपेक्षा गडद होऊन परत येतो. तेव्हाचा फोटो कुणी काढत नाही.

स्क्रीनवरचा प्रकार निवडतं कोण? मी पाहिलंय ते सांगतो. बहुतेक ठिकाणी पांढरा कोट घातलेली विशी-बाविशीतली मुलगी निवडते. तिला दोन दिवसांचं शिक्षण मिळालेलं असतं, तेही मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून, ज्याचं काम मशीन विकणं आहे. समोर बसलेल्या बाईंना 'तुमचा पाचवा प्रकार' असं सांगायचा तिला संकोच वाटतो. आपल्याकडे रंगाचा विषय किती नाजूक आहे हे तुम्हाला सांगायला नको. मग ती चौथा किंवा तिसरा निवडते. बाई खूश, यंत्रही काही कुरकुर करत नाही.

मागे एका शहरातल्या 'स्किन अँड लेझर स्टुडिओ'तून फोन आला. मशीन बिघडलंय, लवकर या. गेलो. मशीन ठणठणीत होतं. झालं होतं असं की मुलीच्या लग्नाच्या तोंडावर एका बाईंनी आयपीएलची सिटिंग घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर काळपट चौकोन उमटले होते, एकाला एक लागून, विटांच्या बांधकामासारखे. आयपीएलच्या हँडपीसची काच चौकोनी असते, म्हणून भाजलं की खूणही चौकोनी उठते. हे पाहिल्यावर डॉक्टर नसलेल्या माणसालाही काय झालंय ते कळतं. मालकांना माझ्याकडून लिहून हवं होतं की मशीनमध्ये दोष होता. मी लॉग, म्हणजे यंत्रात आपोआप राहणारी नोंद, काढला. तारीख, वेळ, ऊर्जा, फिल्टर, शॉटची संख्या, सगळं तिथे होतं. त्वचेचा प्रकार : तिसरा. वापरकर्ता : अ‍ॅडमिन.

त्या मशीनवर सगळ्याच सिटिंग अ‍ॅडमिनने घेतल्या होत्या. मी जी यंत्रं उघडतो त्यांतल्या बहुतेकांवर हाच एक अ‍ॅडमिन काम करत असतो. नोंदणीकृत डॉक्टर, शिकाऊ मुलगी, मालकांचा भाचा, सगळे अ‍ॅडमिन. भिंतीवर एका डॉक्टरांचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. ते डॉक्टर बुधवारी येतात म्हणे. सिटिंग शनिवारी झाली होती.

मी दोष असल्याचं लिहून दिलं नाही. पण त्या बाईंच्या हातात तरी काय आलं? त्यांच्याकडे पावती होती. पावतीवर लिहिलं होतं 'ग्लो पॅकेज'. यंत्र कुठलं, तरंगलांबी कुठली, ऊर्जा किती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या असत्या तर 'काय मारलं होतं?' या पहिल्याच प्रश्नावर गप्प बसावं लागलं असतं.

आता यंत्रांबद्दल बोलतो, कारण हा भाग तुमच्या निरीक्षकांनाही फारसा ठाऊक नसावा असा माझा अंदाज आहे. आयपीएलच्या आत फ्लॅशचा दिवा असतो. शॉट वाढत जातात तसा दिवा म्हातारा होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा घटत जाते. चांगली यंत्रं हे मोजतात आणि भरून काढतात. स्वस्तातली भरून काढत नाहीत. स्क्रीनवर आकडा तोच, बाहेर पडणारी ऊर्जा कमी. चालवणाऱ्या मुलीला एवढंच कळतं की 'हल्ली रिझल्ट येत नाही'. मग ती आकडा वाढवते. आज एक ज्यूल, पुढच्या महिन्यात अजून एक. मग एक दिवस दिवा जातो, माझ्यासारखा कुणी येऊन नवा बसवतो, आणि ती सवयीने कालच्याच आकड्यावर बटण दाबते. नव्या दिव्याची पूर्ण ताकद पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालावर पडते. दिवा बदलल्यावर मीटर लावून ऊर्जा मोजायची आणि ऑपरेटरला समोर बसवून समजावून सांगायचं, ही माझी पद्धत आहे. पण तसं करायला मला कुठला नियम भाग पाडत नाही, आणि माझ्यापेक्षा निम्म्या पैशात दिवा बसवून निघून जाणारे बरेच आहेत.

कार्बन डायऑक्साइड लेझरची वेगळीच गंमत. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सोबत एक लाल किरण सोडलेला असतो, नेम कुठे लागतोय ते कळावं म्हणून. यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलताना किरण पुढे नेणाऱ्या यंत्राच्या हाताच्या सांध्यांमधले आरसे हलतात. मग लाल ठिपका एकीकडे आणि खरा किरण दुसरीकडे. लाकडी पट्टीवर एक शॉट मारून पाहिला की अर्ध्या मिनिटात समजतं. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवर काम करताना हे अर्धं मिनिट फार महत्त्वाचं असतं. चष्म्यांचंही तेच. १,०६४ नॅनोमीटरचा लेझर अदृश्य असतो आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो; त्याचा चष्मा वेगळा, ७५५ चा वेगळा. एकच हिरवा चष्मा सगळ्या खोल्यांमध्ये फिरताना मी पाहिलाय. पेशंटच्या डोळ्यांवर तर काही ठिकाणी कापसाचे बोळे असतात.

हायफूबद्दल थोडक्यात. यात अल्ट्रासाउंडच्या लहरी त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटून तिथे बारीक भाजलेले ठिपके तयार केले जातात. हँडपीसला लावायच्या कार्ट्रिजवर खोली लिहिलेली असते, दीड, तीन, साडेचार मिलिमीटर. नकली कार्ट्रिजमध्ये ती खोली खरी असेलच असं नाही, आणि चेहऱ्यात त्या खोलीवर चरबी आणि नसाही असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हायफूच्याच जातीच्या नव्हे, पण तशाच खोलवर भाजणाऱ्या रेडिओफ्रीक्वेन्सी मायक्रोनीडलिंगबद्दल (बारीक सुयांमधून त्वचेच्या आत उष्णता सोडणं) जाहीर इशारा दिला, त्यात भाजणं, व्रण, चेहऱ्यावरची चरबी झडणं आणि नसांना इजा यांचा उल्लेख आहे. असे उपचार आपल्याकडे मॉलमधल्या सलूनच्या दरपत्रकावर हेअर स्पाच्या खालच्या ओळीत छापलेले असतात.

कायदा नाही असं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशातली सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जोखमीप्रमाणे वर्ग पाडले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून वरच्या जोखमीच्या यंत्रांच्या उत्पादन-आयातीलाही परवाना सक्तीचा झाला. उपकरणं विकणाऱ्याला एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आयुक्त साहेब, ते प्रमाणपत्र आपलंच प्रशासन देतं, आणि ते घेणाऱ्याला खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी लागते. म्हणजे राज्यात नवं लेझर कुणाकुणाला विकलं गेलं, ही यादी विक्रेत्यांच्या कपाटात असायला हवी. आपण एक पत्र काढलंत तर ती टेबलावर येऊ शकते. त्या यादीत किती नावांपुढे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे आणि किती नावांपुढे ब्युटी पार्लरचा पत्ता, एवढं जरी मोजलंत तरी मला आणखी काही लिहायची गरज उरणार नाही.

यादीत न सापडणारी यंत्रंही आहेत. जुनी यंत्रं. एका डॉक्टरने नवं घेतलं की जुनं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विकायला निघतं आणि टेम्पोतून दुसऱ्या जिल्ह्यात जातं. सोबत मॅन्युअल जात नाही, चष्मे जात नाहीत, सर्व्हिसचा पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून जातो. माझ्या कामातली निम्मी दगदग या यंत्रांची आहे.

मंडईत भाजी तोलणाऱ्या बाईच्या काट्यावर वैधमापन विभागाची मोहोर लागते. ती नसेल तर दंड होतो. पेट्रोल पंपाचं मोजमापही तपासलं जातं. दंतवैद्याच्या छोट्याशा एक्स-रे मशीनची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. लेझरचे किरण त्या मंडळाच्या कक्षेत येत नाहीत, कारण ते एक्स-रेसारखे आयनीकरण करणारे नाहीत. मान्य. पण मग माणसाच्या गालावर मारल्या जाणाऱ्या ज्यूलचं माप कुणी तपासायचं? क्लिनिकमध्ये खाटा नाहीत, म्हणून नर्सिंग होम नोंदणीच्या तपासणीत ते सापडत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. वस्तू व सेवा कराच्या खात्याला मात्र हा फरक नीट कळतो. आजार बरा करणाऱ्या उपचारांना करातून सूट आहे, नुसत्या रूपासाठी केलेल्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला नाही. कर गोळा करायचा म्हटलं की व्याख्या सापडते.

आता वैद्यक परिषदेसाठी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पार्लरवाल्यांना हे कलम लावता येईल. पण खरं सांगू का, पार्लर हा या गोष्टीचा सोपा भाग आहे. पार्लरला शिव्या घालायला सगळेच डॉक्टर पुढे असतात. अवघड भाग आहे तो भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राचा. चार गावांत एकाच डॉक्टरांचं नाव पाटीवर असलेली क्लिनिकं मी पाहतो. डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मशीन चालतच असतं. २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाला आधुनिक वैद्यकातल्या नैपुण्याचं प्रमाणपत्र देऊ नये असं आहे. तरी 'लेझर टेक्निशियन'ची, 'अ‍ॅस्थेटिक कॉस्मेटॉलॉजी'ची प्रमाणपत्रं शनिवार-रविवारच्या कार्यशाळांमधून वाटली जातात आणि त्यावर सह्या डॉक्टरांच्याच असतात. ही प्रमाणपत्रं मी फ्रेम करून लावलेली वाचलीत, मशीनचं मागचं झाकण उघडताना बहुधा तीच समोर येतात.

राष्ट्रीय आयोगाने २०२२ मध्ये केसांच्या रोपणाबद्दल आणि सौंदर्योपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेलं ज्ञान हे असे उपचार सुरू करायला पुरेसं शिक्षण नव्हे, असं त्यात म्हटलंय. सूचना डॉक्टरांसाठी होती. डॉक्टरला जे पुरत नाही ते त्याच्या टेक्निशियनला कसं पुरतं?

परिषदेने 'नो युअर डॉक्टर' नावाची क्यूआर कोडची सोय आणली, हे चांगलं झालं. दवाखान्यातला कोड स्कॅन केला की डॉक्टरांची नोंदणी दिसते. लेझरच्या खोलीत मात्र त्या कोडने फक्त भिंतीवरचं नाव कळतं. फूटस्विचवर पाय कुणाचा आहे, ते कळत नाही.

टेक्निशियनने यंत्राला हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. मोठ्या, नीट चालणाऱ्या क्लिनिकांमध्ये शिकलेल्या टेक्निशियन डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही कामं फार सफाईने करतात; काहींचा हात नव्या डॉक्टरपेक्षा स्थिर असतो. प्रश्न कुठलं काम कुणाचं, हे ठरवण्याचा आहे. जर्मनीने ३१ डिसेंबर २०२० पासून हे ठरवून टाकलं. त्वचेचा थर उडवणारे लेझर, रंगद्रव्याच्या डागांवरचे आणि रक्तवाहिन्यांवरचे लेझर, ही कामं डॉक्टरांसाठी राखून ठेवली. यातलं डागांचं काम डॉक्टरांकडेच का ठेवलं, याचा विचार आपणही करायला हवा. 'वयाचा डाग' म्हणून आलेली प्रत्येक गोष्ट वयाचा डाग असतेच असं नाही. क्वचित तो त्वचेचा कर्करोगही असू शकतो. लेझरने तो उडवला की तुकडा तपासायला पाठवण्यासाठी काही उरत नाही. त्वचारोगतज्ज्ञ तीन वर्षं एमडी करतो ते आधी हे ओळखायला शिकण्यासाठी. मशीन चालवणं त्यानंतर येतं.

मागणी काय, ते आता सांगतो. आयुक्त साहेब, विक्रेत्यांकडून यादी मागवा, आणि हस्तांतरित होणाऱ्या जुन्या यंत्रांचीही नोंद सक्तीची करण्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करा. प्रत्येक यंत्राची ऊर्जा वर्षातून एकदा आणि दिवा, हँडपीस किंवा आरसा बदलल्यावर प्रत्येक वेळी मोजली जावी, आणि मोजल्याची तारीख, मोजणाऱ्याचं नाव यंत्रावर दर्शनी चिकटवलेलं असावं. मोजणारा मी असेन तर माझंही नाव असू द्या. मग निम्म्या पैशात दिवा बसवणारेही मीटर विकत घेतील.

अध्यक्ष महोदय, तुमच्या बाजूने, कुठले उपचार डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने करायचे आणि कुठले डॉक्टर त्या वेळी त्याच इमारतीत हजर असताना टेक्निशियनने केलेले चालतील, याची यादी काढा. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने लेझरबद्दल मार्गदर्शक तत्त्वं कधीच प्रसिद्ध केलेली आहेत, त्यामुळे कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. यंत्रात प्रत्येक चालवणाऱ्याचं वेगळं खातं असावं. हे सध्याच्या बऱ्याच यंत्रांमध्ये करता येतं, दहा मिनिटांचं काम आहे, कुणी सांगत नाही म्हणून कुणी करत नाही. डॉक्टरच्या अनुपस्थितीत त्याच्या नावाखाली सिटिंग झाली तर जबाबदारी त्याच डॉक्टरची, हे एका परिपत्रकात स्पष्ट लिहा. आणि पेशंटला पावतीसोबत एक चिठ्ठी मिळावी : यंत्राचं नाव, तरंगलांबी, ऊर्जा, ठिपक्याचा आकार, शॉट, निवडलेला त्वचेचा प्रकार, चालवणाऱ्याचं नाव. औषधाची चिठ्ठी मिळते तशीच. 'ग्लो पॅकेज' असं लिहून भागू नये.

यावर क्लिनिकवाले म्हणतील की कागदपत्रं वाढतील, खर्च वाढेल, छोटी क्लिनिकं बंद पडतील. मी त्यांच्याकडूनच पैसे घेतो, तेव्हा त्यांचं म्हणणं मी रोज ऐकतो. खर्च वाढेल हे खरं. मोजणीचा खर्च मात्र एका पॅकेजच्या किमतीपलीकडे जाणार नाही, आणि ज्या क्लिनिकला वर्षातून तेवढेही पैसे यंत्र मोजायला काढता येत नाहीत, ते माणसांच्या चेहऱ्यावर काय करत असेल याची मला काळजी वाटते. काही त्वचारोगतज्ज्ञांनी मला खासगीत सांगितलंय की हे व्हायला हवं, पण आपल्याच व्यवसायबंधूंविरुद्ध उघड कोण बोलणार. त्यांची अडचण मला समजते. माझी त्यांच्यापेक्षा थोडी कमी आहे, एवढंच.

तुमच्या दोन्ही कार्यालयांतल्या निरीक्षकांना लॉग कसा वाचायचा, मीटर कसं लावायचं आणि लाकडी पट्टीवर नेम कसा तपासायचा, हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं. मी विनामोबदला शिकवायला तयार आहे. मीटर माझं, पट्ट्या माझ्या. यंत्र मात्र तुम्हाला मिळवावं लागेल, आणि दोन्ही कार्यालयांची माणसं एकाच खोलीत बसवावी लागतील. हे पत्र टपालानेही पाठवलंय, त्या प्रतीवर माझा फोन नंबर आहे. दिवस तुम्ही कळवा. फक्त मे महिना सोडून, तेव्हा मी चिलरमध्ये असतो.

आपला,
एक सर्व्हिस इंजिनिअर
पुणे